धर्मादायाचा हिशेब मागायचा कोणी?

रे रोडच्या परिसरात ‘ट्रस्ट’ हा शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे. १८७३ मध्ये स्थापन झालेला पोर्ट ट्रस्ट हा त्या भागाचा जमीनदार. दारूखाना, लकडी बंदर, कौला बंदर येथील वखारी, लोखंडाची गोदामे आणि त्यांच्या आडोशाला वाढलेल्या झोपड्या या साऱ्यांच्या पायाखालची जमीन बहुतांशी त्याचीच. २०२१ च्या कायद्यानंतर त्याचे नाव बदलून ‘मुंबई बंदर प्राधिकरण’ असे झाले असले, तरी लोकांच्या तोंडातून ‘ट्रस्ट’ गेलेला नाही. जमीन महापालिकेची नाही, म्हणून पाणी, शौचालये, शाळा यांसारख्या सोयी या वस्त्यांना वर्षानुवर्षे अपुऱ्या मिळाल्या. जेथे शासनाचा हात आखडतो तेथे दुसऱ्या प्रकारचे ट्रस्ट पुढे येतात. कोणी बालवाडी चालवतो, कोणी दवाखाना, कोणी वह्या वाटतो, कोणी विधवांना शिवणयंत्रे देतो. यांतील बरेचसे काम प्रामाणिक असते आणि त्यावाचून त्या वस्त्यांचे जगणे अधिक कठीण झाले असते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

परंतु याच कामासाठी जो पैसा गोळा होतो, तो कोणाच्या नावाने गोळा होतो? बंदरावर ओझी वाहणाऱ्याच्या, जुनी जहाजे फोडताना हात गमावलेल्याच्या, आणि त्यांच्या मुलांच्या नावाने. देणगीदाराला पावती मिळते आणि बहुधा प्राप्तिकरात सवलतही मिळते. विश्वस्ताला मान मिळतो. ज्याच्या नावाने हे सारे घडते त्याला काय मिळाले, हे विचारण्याची सोय मात्र त्याला स्वतःलाच सर्वांत कमी आहे. धर्मादाय संस्थेविषयी शंका आली तर ती कोणाकडे, कशी आणि कोणत्या अधिकाराने मांडायची, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांचा नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे, आणि ते बऱ्याच राज्यांपेक्षा पुढारलेले आहे. दिल्ली किंवा पश्चिम बंगाल येथे सर्व सार्वजनिक न्यासांवर देखरेख करणारा धर्मादाय आयुक्त नावाचा अधिकारीच नाही. मुंबई राज्यात १९५० पूर्वीची स्थितीही फारशी निराळी नव्हती. न्यासात गैरकारभार झाला तर दोन हितसंबंधी व्यक्तींनी अॅडव्होकेट जनरलची संमती मिळवायची, स्वतःच्या खर्चाने दिवाणी दावा लावायचा आणि गावातील बड्या विश्वस्तांचे वैर पत्करून वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या, असा तो मार्ग होता. लोकांच्या पैशाचे रक्षण ही दोन खाजगी माणसांची पदरमोड असू नये, या विचारातून १९४८ मध्ये न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा झाला. २०१२ पासून त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. त्याने हिंदू, जैन, पारशी, ख्रिस्ती असा भेद न करता सार्वजनिक न्यास एका चौकटीत आणले. वक्फांची व्यवस्था नंतर स्वतंत्र कायद्याकडे गेली. या चौकटीला त्या काळी विरोधही झाला. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५४ मध्ये न्यायालयाने काही कलमे रद्द केली, पण नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांची मूळ कल्पना उचलून धरली. धर्माचे आचरण हा हक्क आहे, परंतु धर्मादायाच्या पैशाचा कारभार हा शासनाच्या देखरेखीखाली येऊ शकतो, हा भेद तेव्हा स्पष्ट झाला.

हा कायदा वाचला म्हणजे त्यात अधिकारांची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक सार्वजनिक न्यासाने नोंदणी केली पाहिजे. विश्वस्त बदलले तर त्याची खबर दिली पाहिजे. दरवर्षी हिशेब तपासून घेतले पाहिजेत, आणि अनियमित, बेकायदेशीर वा अनुचित खर्च आढळला तर लेखापरीक्षकाने तो अहवालात नमूद केला पाहिजे. म्हणजे कायद्याच्या योजनेत पहिला तक्रारदार हा लेखापरीक्षकच आहे. न्यासाची स्थावर मालमत्ता आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता, बदलता वा दान करता येत नाही. इमारत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. कलम ३७ नुसार दप्तर तपासता येते, कलम ४१-अ नुसार निर्देश देता येतात, ४१-ब नुसार चौकशी करता येते, ४१-ड नुसार विश्वस्ताला निलंबित अथवा दूर करता येते आणि ४१-इ नुसार मालमत्तेची नासाडी थांबवता येते. सणासुदीला वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांनाही कलम ४१-क खाली आधी परवानगी घ्यावी लागते. लालबाग-परळच्या कामगारांनी स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून जी मंडळे उभी केली, त्यांच्या आजच्या कार्यकर्त्यांना हे कलम चांगले परिचित आहे.

इतके असूनही महाराष्ट्रात धर्मादायातील गैरप्रकारांची जी मोठी प्रकरणे गाजली, ती बहुधा या दारातून बाहेर आली नाहीत. १९८० साली मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान स्थापन झाले. साहित्यिक आणि कलावंत यांना साह्य करणे, असा त्याचा उदात्त हेतू होता. त्यात वावगे काय चालले आहे, याची वाच्यता ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांच्या लेखाने झाली. सिमेंट तेव्हा नियंत्रित होते आणि बांधकाम व्यावसायिकांना ते शासनाच्या मर्जीने मिळत असे. जनता पक्षाचे प. बा. सामंत आदींच्या याचिकेवर १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला, आणि देणग्या व सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच महिन्यात अंतुले यांना पद सोडावे लागले. फौजदारी कारवाईचा प्रवास निराळा आणि दीर्घ झाला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्या प्रकरणातील आपलाच आधीचा आदेश मागे घेतला. त्या वादाचा येथे संबंध नाही. येथे एवढेच पाहावयाचे की उद्देश निष्कलंक असल्याने देणगीचा मार्ग निष्कलंक ठरत नाही, आणि हे दाखवून देण्यासाठी वृत्तपत्र व उच्च न्यायालय यांना धावून यावे लागले.

प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरासाठी तर १९८० मध्ये स्वतंत्र कायदा झाला. भाविकांचा पैसा अधिक सुरक्षित राहावा हा त्यामागचा हेतू. पुढे त्या न्यासाकडून संस्थांना दिल्या जाणाऱ्या देणग्यांविषयी एका नागरिकाने याचिका केली आणि २००४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती टिपणीस यांची समिती नेमली गेली. साह्य देताना निश्चित पद्धत नव्हती आणि विश्वस्तांच्या व सत्ताधारी पुढाऱ्यांच्या शिफारशींना वजन होते, असे तिला आढळले. तिसरे उदाहरण रुग्णालयांचे आहे आणि ते रे रोडच्या माणसाला सर्वांत जवळचे आहे. शासनाकडून जमीन वा सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखून ठेवाव्यात, असे कलम ४१-अअ १९८५ मध्येच कायद्यात आले होते. प्रत्यक्षात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने, आणि बिलांच्या रकमेचे दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत, अशी सविस्तर योजना होण्यासाठी २००६ साल उजाडले. तीही एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिली. कलम पुस्तकात असणे आणि ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचणे यांत एकवीस वर्षांचे अंतर पडले.

या तीनही प्रकरणांत नियंत्रकाच्या दारावर थाप पडण्यापूर्वी दुसरीच दारे ठोठावली गेली. याचा अर्थ आयुक्तांच्या कार्यालयात बसलेली माणसे कर्तव्यशून्य आहेत, असा काढणे अन्यायाचे होईल. आयुक्तपदी न्यायिक अनुभव असलेली व्यक्ती असते. तिच्यापुढे नोंदणीचे अर्ज, विश्वस्तबदलाचे वाद, जमीनविक्रीच्या परवानग्या यांचा ढीग असतो. नियंत्रकाला कागद दिसतो, वस्ती दिसत नाही, हे खरे दुखणे आहे. ताळेबंदात ‘शैक्षणिक साहित्य वाटप’ या सदरात रक्कम लिहिली आणि तिच्यापुढे पावत्यांची पुरवणी जोडली, की कागद पूर्ण झाला. त्या वह्या कौला बंदरच्या मुलांच्या हाती पडल्या की नाहीत, हे फक्त कौला बंदरलाच ठाऊक असते. जी माहिती आयुक्तांना हवी ती वस्तीत आहे आणि जो अधिकार वस्तीला हवा तो वरळीला आयुक्तांकडे आहे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे तक्रार.

तेथेच कायद्याची पहिली अडचण उभी राहते. चौकशीसाठी अर्ज कोणी करावा? ‘हितसंबंधी व्यक्तीने’, असे कायदा सांगतो. मंदिराच्या बाबतीत तेथे दर्शनास जाणारा, नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत तिचा सभासद, आणि इतर न्यासांच्या बाबतीत विश्वस्त किंवा लाभार्थी, असा त्याच्या व्याख्येत उल्लेख आहे. व्याख्या समावेशक असली, तरी या यादीत कोण नाही ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील असंख्य शाळा-महाविद्यालये संस्था म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांतील शिक्षक हा सभासद नसतो. कारकून, जो पावतीपुस्तके सांभाळतो आणि ज्याला कोणता पैसा कोठे गेला हे सर्वांआधी कळते, तोही सभासद नसतो. प्रवेशाच्या वेळी ‘इमारत निधी’ देणारा पालक नाही, विद्यार्थी नाही, पाच हजारांची देणगी देणारा सामान्य दाताही स्पष्ट शब्दांत नाही. ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांचा अधिकार संदिग्ध, आणि ज्यांचा अधिकार निःसंशय आहे ते सभासद पुष्कळदा विश्वस्तांच्याच गोतावळ्यातील. दावा लावायचा तर कलम ५० प्रमाणे आजही किमान दोन हितसंबंधी व्यक्ती आणि आयुक्तांची लेखी संमती लागते. जुन्या कायद्यातील ती अट नव्या कायद्यात घर करून राहिली आहे.

यावर कायद्यातच एक उतारा आहे आणि त्याचा उपयोग फार थोडा होतो. आयुक्त स्वयंप्रेरणेनेही चौकशी सुरू करू शकतात. म्हणजे सभासद नसलेल्या शिक्षकाचे पत्र ‘तक्रार’ म्हणून टिकले नाही, तरी ‘माहिती’ म्हणून ते पुरेसे आहे. अट एवढीच की त्यात माहिती असली पाहिजे. ‘अमुक संस्थेत भ्रष्टाचार माजला आहे’ या वाक्याने कोणताही निरीक्षक एक पाऊलही टाकू शकत नाही. अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या पावतीने, अमुक कामासाठी पैसे घेतले गेले. संस्थेच्या घटनेत तो उद्देश असा आहे. त्या वर्षीच्या ताळेबंदात ती रक्कम दिसत नाही, किंवा दिसते पण काम झालेले नाही. संस्थेला लेखी विचारले असता उत्तर मिळाले नाही, असे चार ओळींचे पत्र दहा पानांच्या संतापाहून अधिक बोलते. न्यासाच्या नोंदवहीचा उतारा आयुक्तालयातून शुल्क भरून मिळतो. त्यात विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हे लिहिलेले असते. शंका घेणाऱ्याने तो आधी पाहावा, संस्थेला विचारावे, आणि मग वरळीची वाट धरावी. शंका आणि आरोप यांत अंतर आहे. नियंत्रकाकडे जाणाऱ्याने शंका घेऊन जावे; आरोप सिद्ध करणे हे चौकशीचे काम आहे.

दुसरी अडचण भीतीची. संस्थाचालकाविरुद्ध पत्र लिहिणाऱ्या शिक्षकाची बदली दूरच्या शाखेत होते, कारकुनाच्या गोपनीय अहवालात शेरा येतो, विद्यार्थ्याचा दाखला अडतो, हे शिक्षणसंस्थांत वावरणाऱ्यांना सांगावे लागत नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे, पण ते अन्याय झाल्यानंतरचे औषध आहे. धर्मादाय आयुक्तांना माहिती दिली म्हणून कोणाला त्रास देता येणार नाही, असे नेमके संरक्षण या कायद्याने दिलेले नाही. आणि रे रोडच्या हमालाची भीती तर याहून साधी असते. हार्बरच्या गाडीने वरळी गाठता येत नाही. बस बदलत जायचे, एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि परत आल्यावर त्याच बालवाडीत आपल्या मुलीला ठेवायचे. त्याने गप्प राहणे हे औदासीन्य नव्हे, तो हिशेब आहे.

तक्रारीचा मार्ग रुंद केला तर त्यावरून भांडखोरांचीच वर्दळ होईल, असा आक्षेप जबाबदार माणसांकडूनही घेतला जातो. तो निराधार नाही. महाराष्ट्रातील बहुतेक संस्थांत दोन गट असतात आणि निवडणुकीत हरलेला गट आयुक्तालयाची पायरी चढतो, हे उघड गुपित आहे. दहा-वीस हजारांच्या उलाढालीवर वाचनालय वा व्यायामशाळा चालवणाऱ्या निःस्वार्थी कार्यकर्त्यांना खोट्या अर्जांनी बेजार केले, तर उद्या कोणी विश्वस्त व्हायलाच तयार होणार नाही. हिशेब उशिरा देणारा आणि हिशेब बुडवणारा यांना एकाच काठीने हाकणेही गैर आहे. परंतु आजच्या अरुंद वाटेवरून नेमके कोण जाऊ शकते? ज्याच्यापाशी वकील आहे, सभासदत्व आहे आणि वेळ आहे, तोच, म्हणजे हरलेला गटच. वाट अरुंद ठेवल्याने भांडखोर अडत नाही, गरीब आणि प्रामाणिक माणूस तेवढा अडतो. खोट्या तक्रारीवरचा खरा उपाय म्हणजे हिशेब आधीच उघड असणे. जे सर्वांना दिसते त्याविषयी अफवा फार काळ टिकत नाही.

इंग्लंडमध्ये धर्मादाय आयोग १८५३ च्या कायद्याने स्थापन झाला. तेथे कोणाही नागरिकाने मागितल्यास संस्थेला आपल्या ताज्या हिशेबाची प्रत द्यावी लागते. मागणारा सभासद आहे की लाभार्थी, हे विचारले जात नाही. लेखापरीक्षकाला गंभीर गोष्ट आढळली, तर ती थेट आयोगाला कळवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. कप ट्रस्ट नावाच्या नोंदणीकृत संस्थेने सुमारे १७ कोटी ६० लाख पौंडांच्या देणग्या दाखवल्या आणि प्रत्यक्ष धर्मादायावर सुमारे ५५ हजार पौंड खर्च केले, हे उघडकीस आल्यानंतर २०१३ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आयोगाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. नोंदणी क्रमांक म्हणजे सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे, हे लंडनमध्ये जितके खरे तितकेच मुंबईत. फरक इतकाच की तेथे नियंत्रकावरच देखरेख करणारी संस्था त्याला जाहीरपणे जाब विचारू शकली.

महाराष्ट्राला यासाठी नवा कायदा करण्याची निकड नाही. आहे तो वाकवावा लागेल. हितसंबंधी व्यक्तींच्या व्याख्येत संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि देणगीदार यांचा स्पष्ट उल्लेख यावा. आलेल्या प्रत्येक पत्राची पोच मिळावी, आणि त्यावर चौकशी होणार की नाही व नसल्यास का नाही, हे ठरावीक मुदतीत लेखी कळवले जावे. कलम ५१ खाली दाव्याला संमती द्यायची की नाही हे सहा महिन्यांत ठरवण्याचे बंधन आहे. साध्या पत्रासाठी तसेच बंधन घालणे अशक्य नाही. तपासलेले हिशेब संस्थेच्या दाराशी, स्थानिक भाषेत, एका पानावर लावणे सक्तीचे व्हावे. माहिती देणाऱ्याचे नाव चौकशीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गुप्त राहावे. आणि आयुक्तालयाचा निरीक्षक वर्षातून काही दिवस तरी वस्तीत जाऊन बसावा, जेणेकरून कौला बंदरच्या माणसाला वरळीला जावे लागणार नाही. यातील कोणत्याही गोष्टीने प्रामाणिक विश्वस्ताचे काही जात नाही.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्यावरही याची काही जबाबदारी येते. दान देऊन पुण्य पदरात पडले की हिशेब मागणे हे हलकेपणाचे आहे, अशी एक समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. दिलेल्या दानाचे पुढे काय झाले हे विचारू नये, असे म्हणणाऱ्याने ते दान कोणासाठी होते हे विसरू नये. विश्वस्ताकडे हिशेब मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. विश्वस्त या शब्दातच दुसऱ्याची ठेव सांभाळणारा हा अर्थ आहे आणि ठेवीचा हिशेब असतोच. ज्याला वाचता-लिहिता येते, ताळेबंदातील दोन रकाने ताडून पाहता येतात आणि चार ओळींचे नेमके पत्र लिहिता येते, त्याने ते त्या माणसासाठी लिहावे ज्याच्या नावाने पैसा गोळा झाला आणि ज्याला ते लिहिता येत नाही. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय १९५० च्या कायद्याने निर्माण झाले ते याच पत्रांची दखल घेण्यासाठी. ती पत्रे आलीच नाहीत, तर कायद्यातील सगळी कलमे जागच्या जागी राहतील आणि वह्यांची पाकिटेही.